‘द अॅझ्टेक्स’ परत पाहिली: बार्बराबाईंचा हिशेब पटतो का?

आठवी_ब
‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतली १९६४ सालची ‘द अॅझ्टेक्स’ काल परत पाहिली. कृष्णधवल, चार भाग, एका बैठकीत.

न पाहिलेल्यांसाठी: डॉक्टर आणि त्याच्या सोबत्यांचं कालयान, टार्डिस, उतरतं ते थेट मेक्सिकोतल्या एका अॅझ्टेक पुजाऱ्याच्या थडग्यात. सोबत्यांपैकी बार्बरा तिथलं कडं मनगटात चढवून बाहेर पडते आणि मागे दार बंद. ते उघडतं फक्त आतून! लोक तिला त्या पुजाऱ्याचा, येटाक्साचा, पुनर्जन्म समजतात. बाई इतिहासाच्या शिक्षिका. आयतं देवपण मिळाल्यावर त्या ठरवतात की नरबळी बंद पाडायचा, म्हणजे पुढे स्पॅनिश सेनानी कोर्तेस आला तरी यांच्यातलं चांगलं ते टिकेल.

मीही इतिहासच शिकवते, त्यामुळे इथे अडकले. कोर्तेस १५१९ मध्ये आला तो सोन्याच्या वासाने. १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली त्यात देवीच्या रोगाच्या साथीचा हात होता आणि स्पॅनिशांना जाऊन मिळालेल्या त्लाश्कालासारख्या शेजाऱ्यांचाही. नरबळी नसता तर हे सगळं टळलं असतं? डॉक्टर बाईंना दटावतो ते इतिहासातली एक ओळही बदलता येत नाही म्हणून. ‘बदललीस तरी उपयोग नाही’ असं मात्र कोणीच म्हणत नाही. लेखक जॉन लुकारोटी यांनी हे मुद्दाम मोकळं सोडलं असेल का?

जुना_अँटेना
पहिला भाग आठवा. पावसासाठी एकाला बळी देणार असतात, बाई थांबवतात. त्या माणसाला तो अपमान वाटतो, तो स्वतःच खाली उडी टाकतो, आणि पाऊस पडतो! पुजारी त्लोतोक्सल श्रेय घ्यायला तयारच. तुमचं उत्तर मला तिथेच सापडतं. ज्याला वाचवायचं त्यालाच वाचायचं नाही, मग कोर्तेसपर्यंत जायची गरज काय?

अवांतर: डीव्हीडीवरची प्रत पाहिली असेल तर उत्तम. मूळ व्हिडिओटेपा बीबीसीने पुसल्या. उरल्या त्या परदेशी विक्रीसाठी पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून काढलेल्या प्रती. त्यात हालचाल सेकंदाला पन्नासऐवजी पंचवीस चित्रांवर येते. विडफायर नावाच्या प्रक्रियेने मधली चित्रं परत घातली, त्यामुळे ती स्टुडिओत आत्ता चाललेल्या नाटकासारखी दिसते. मागचं रंगवलेलं शहरही तितकंच स्पष्ट दिसतं, त्याला इलाज नाही.

उंबराचे_फूल
बाई, त्लाश्कालाचं नाव तुम्हीच घेतलंत म्हणून. त्यांचा राग कशाचा होता? व्यापाराची नाकेबंदी खरीच, पण अॅझ्टेकांशी ठरवून लढलेली ‘फुलांची युद्धं’ही होती. त्यात धरलेले कैदी वेदीवर जात. बळी थांबले असते तर कोर्तेसला इतक्या सहज दोस्त मिळाले असते का? बार्बराचा हिशेब अगदीच कच्चा नाही. देवीच्या साथीपुढे मात्र काही चाललं नसतं.

खारे_शेंगदाणे
तुम्ही साम्राज्य वाचवा. मी ही गोष्ट पाहतो कोकोसाठी. डॉक्टर कॅमेका नावाच्या अॅझ्टेक स्त्रीला प्रेमाने कोको करून पाजतो आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे साखरपुडा होऊन बसतो! डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलचा तेव्हाचा चेहरा म्हणजे लग्नाच्या मांडवात चुकून पाटावर बसलेला पाहुणा.

आठवी_ब
उंबराचे_फूल, फुलांच्या युद्धांचा मुद्दा मान्य. पण मग शेवट जास्तच टोचतो. बाई हरतात, ग्रहणाच्या दिवशी बळी जातोच, आणि डॉक्टर समजूत घालतो की संस्कृती नाही तरी ऑटलॉक हा एक माणूस तू सावरलास. सावरला म्हणजे काय? ज्ञानाचा मुख्य पुजारी तो. त्याचं पद गेलं, श्रद्धा गेली, रानात निघून गेला. बार्बरा झालेली जॅकलिन हिल हे ऐकताना चेहरा हलू देत नाही, पण बाईंना ही समजूत पटली असेल असं मला काही वाटत नाही.

जुना_अँटेना
मग आता पुढच्याच वर्षीची ‘द टाइम मेडलर’ घ्या. १०६६ सालचं इंग्लंडमधलं नॉर्थम्ब्रिया, मठात ग्रामोफोनवर लावलेले भिक्षूंचे मंत्र, आणि डॉक्टरच्याच जातीचा एक लबाड ‘भिक्षू’. वायकिंगांचं आरमार तोफेने उडवायचं, म्हणजे इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड नॉर्मनांशी हेस्टिंग्जची लढाई ताज्या दमाने जिंकेल, हा त्याचा बेत. तिथे डॉक्टर धावाधाव करतो तीच मुळी इतिहास बदलू शकतो म्हणून! एका वर्षात नियम फिरला. बार्बराबाई तोवर मालिका सोडून गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी डॉक्टरला चांगलं फैलावर घेतलं असतं.