मदत हवी आहे: शाळेच्या ग्रुपमधून मुलींचे नंबर बाहेर गेले, तक्रार आणि नियम दोन्ही कसे करावेत?

जिरेसाळ
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. मुलगी सातवीत, मी शाळेच्या पालक-शिक्षक संघात. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लॉकडाऊनमध्ये शाळेने वर्गावर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केले. ते अजून तेच चालू आहेत. जून आला की फक्त नाव बदलायचं, 'सहावी अ' ची 'सातवी अ'. आत कोण कोण आहे याचा पत्ता कुणालाच नाही. शाळा सोडून गेलेल्यांचे पालक, बदली झालेले सर, कुणाचा तरी क्लासवाला, सगळे आहेत. नंबर आईच्या नावाचे, पण फोन बहुतेक वेळा मुलांच्याच हातात.

गेल्या महिन्यात वर्गातल्या काही मुलींना नवीन नंबरवरून 'हाय, होमवर्क पाठव ना' असा मेसेज आला. डीपीवर आपल्याच शाळेच्या गणवेशातली मुलगी. तो फोटो शाळेच्या फेसबुक पेजवरच्या वक्तृत्व स्पर्धेच्या पोस्टमधून कापलेला. त्या पोस्टखाली मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी सगळं लिहिलेलं. म्हणजे तोतयाला ओळख आयतीच मिळाली. दोन-चार दिवस अभ्यासाचं बोलून त्याने इन्स्टाचा आयडी मागितला, मग फोटो. एका मुलीने साधा घरातला फोटो पाठवला. तो तिला भलत्याच शरीरावर चेहरा चिकटवून परत आला, वर धमकी. पोरीने मावशीला सांगितलं म्हणून कळलं तरी.

मुख्याध्यापक म्हणतात, आधी आपण शहानिशा करू, शाळेचं नाव जाईल. एक पालक म्हणाले चॅट डिलीट करा आणि विषय संपवा. दुसऱ्यांचं म्हणणं, मुलींचे मोबाईल काढून घ्या. (मुलींचेच. मुलांचे नाहीत.) सचिवांना कुणीतरी मुलांच्या फोनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर विकायला आलंय. आणि नियमावली लिहायचं काम माझ्या गळ्यात.

तक्रार कुणी करायची? मुलीचं नाव बाहेर येईल का, तिची आई त्यानेच घाबरलीय. ग्रुप आणि फोटोंचं काय करायचं?

काळा_कोट
ताई, नियमावली नंतर. चॅट अजिबात डिलीट करू देऊ नका. नंबर, तारीख, वेळ, प्रोफाइलची लिंक वहीत लिहून ठेवा आणि फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

शहानिशा हे शाळेचं काम नाही. पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) कायदा, २०१२, कलम १९: असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. हे मुख्याध्यापकांना छापून द्या, शाळेच्या नावाची काळजी आपोआप मागे पडेल.

नावाचं म्हणाल तर कलम २३ नुसार माध्यमांना मुलीचं नाव, पत्ता, फोटो, शाळासुद्धा छापता येत नाही. जबाब घरी किंवा मुलगी म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या, आणि गणवेशात नाही. रात्री मुलीला ठाण्यात ठेवता येत नाही. आईला एवढं सांगितलंत तरी तिचा अर्धा जीव भांड्यात पडेल.

सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर महिला व मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार होते, पण मग तिचा माग काढता येत नाही, म्हणून नाव देऊनच करा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीचा. मुलांसाठी १०९८, चोवीस तास.

आणखी एक, महत्त्वाचं. ते चित्र 'पुरावा' म्हणून समितीच्या ग्रुपवर कुणी टाकलं असेल तर आधी थांबवा. असं चित्र पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या ६७ ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नुसतं जवळ ठेवणंही अंगाशी येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०२४ च्या निकालाने स्पष्ट झालंय.

सह्याद्रीचा_वारा
आमच्या वेळी मोबाईल नव्हते, काही अडलं नाही. शाळेत बंदी घाला, विषय मिटला.

खडू_डस्टर
दादा, बंदी आमच्याही शाळेत आहे. मेसेज रात्री साडेनऊला घरी येतात.

जिरेसाळ, मी शिक्षिका आहे, आम्ही काय केलं ते सांगते. जुने ग्रुप सरळ बंद केले, सगळ्यांना काढून. नावं बदलून चालवायचे नाहीत. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपची कम्युनिटी केली. तिच्या घोषणा ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिन लिहितात आणि पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या ग्रुपमध्ये 'फक्त अ‍ॅडमिन' केलं तरी नंबर सगळ्यांना दिसतातच, तुमची गळती तिथलीच असणार. दर जूनमध्ये हजेरीपट घेऊन यादी नव्याने. गृहपाठाची शंका वर्गात किंवा पालकांच्या फोनवरून. शिक्षकाने विद्यार्थ्याशी खासगीत चॅट करायचं नाही, हे लेखी. एका सरांना राग आला. येऊ दे.

फोटोंचं जास्त अवघड गेलं. चेहरा, नाव, इयत्ता एकत्र टाकायचं नाही असं ठरवलं तर पहिली कुरबूर पालकांचीच: आमच्या पिंट्याचा पहिला नंबर आला तर नाव का नाही? शेवटी नावं फळ्यावर आणि वार्षिक अंकात, फेसबुकवर फक्त लांबून काढलेला समूहफोटो. जुन्या पोस्टमधली नावं एका शनिवारी बसून काढली. प्रवेश अर्जात फोटोच्या संमतीचा वेगळा रकाना घातला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ च्या आतल्यांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यावी असं म्हटलंय.

तुमच्याकडे सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असते ती) कागदावर असेलच. तिच्यातल्या बाईंना मुली प्रत्यक्षात ओळखतात का, ते मुलींनाच विचारा. आमच्याकडे नव्हत्या ओळखत.

लॅबवाला
सॉफ्टवेअर घेऊ नका. शाळेच्या लॅबमधल्या संगणकांवर सेफसर्च आणि फिल्टर फुकट लागतो, तेवढं पुरे. मुलांच्या घरच्या फोनमधलं शाळेने बघायचं कशाला? उद्या तोच डेटा विक्रेत्याकडून फुटला तर कुणाला धरणार? घरी ज्यांना हवं ते आईवडील फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप) लावतील, तेही मुलांना सांगून.

'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, १८ च्या आतल्यांसाठी. चित्र कुठे पाठवावं लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टासारख्या सहभागी कंपन्या त्यावरून चित्र शोधून हटवतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये मात्र याचा उपयोग नाही. आणि आधी पोलीस, मग हे.

जिरेसाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. कलम २१ ची प्रिंट नेली, मुख्याध्यापक स्वतः ठाण्यात आले. महिला अधिकारी साडीत घरी येऊन जबाब घेऊन गेल्या, शेजाऱ्यांना पाहुण्या वाटल्या. काळा_कोट, चित्र समितीच्या ग्रुपवर आलं नव्हतं, पण एका सदस्याने मागितलं होतं. नाही म्हटलं.

वर्गांचे ग्रुप उद्या बंद करतोय. एकच अडलंय. रिक्षावाल्या काकांचा ग्रुप पालकांनीच केलेला, शाळेचा त्यात कुणी नाही, आणि मुलं कुठे, किती वाजता उतरतात ते त्यात रोज पडतं. त्याला शाळेचे नियम लावता येतात का? कुणी तसं केलंय?