घरी केलेले बेदाण्यांचे स्कोन फुगत का नाहीत?

चहाटळ :
नमस्कार. शिक्षणाच्या निमित्ताने मी दोन वर्षे इंग्लंडमध्ये एक्सेटरला राहत होते. तेथे दुपारच्या चहाबरोबर मिळणारे, बेदाणे घातलेले आणि मधोमध सहज दुभंगणारे स्कोन, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले छोटे गोडसर पाव, मला फार आवडत असत. आता पुण्यात परतल्यावर तेच घरी करून पाहावेत म्हणून तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा फसले. साहित्य असे होते : मैदा २२५ ग्रॅम, बटर ५० ग्रॅम, पिठी साखर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर एक लहान चमचा, दूध १५० मिली आणि मूठभर बेदाणे. बटर बाहेर ठेवून मऊ केले, सर्व एकत्र करून दहा मिनिटे चांगले मळले, ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवले, मग एक सेंटीमीटर जाडीची पोळी लाटून स्टीलच्या वाटीने गोल कापले आणि ओटीजीमध्ये १८० अंशांवर २५ मिनिटे भाजले. ते उंचीने जेमतेम वाढले, आतून चिवट राहिले आणि गार झाल्यावर असे कडक झाले की सासूबाईंनी ते चहात बुडवून टोस्टासारखे खाल्ले. नेमके कोठे चुकत आहे?

ओव्हनशेजारी :
ताई, तुम्ही स्कोनचे पीठ पोळीच्या कणकेसारखे हाताळले आहे, आणि माझ्या मते बहुतेक सगळी गडबड तेथेच आहे. कणीक जितकी मळावी तितकी पोळी मऊसूत होते, हे आपल्या हाताला लहानपणापासून शिकवलेले असते. पण मळण्याने मैद्यातील ग्लूटेन या प्रथिनाचे धागे जुळून पीठ लवचीक होते आणि तो लवचीकपणाच स्कोनला चिवट करतो. हे काम करंजीच्या किंवा शंकरपाळ्यांच्या मोहनासारखे समजावे. बटर मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, मुटका वळता येईल आणि सोडल्यावर भुगा होईल इतपत. फरक एवढाच की मोहन कडकडीत तापवून घालतात आणि येथे बटर फ्रिजमधून काढलेले, थंडगार व घट्ट हवे. त्याचे वितळले नाहीत असे बारीक तुकडे पिठात राहिले, तरच ओव्हनच्या उष्णतेने ते वितळताना त्यांच्या जागी पोकळी राहते आणि त्यांतील पाण्याची वाफ पीठ वर उचलते. पुण्याच्या उन्हाळ्यात बटर हातातच वितळते, म्हणून मी ते आधी किसून पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवते आणि मैदाही थंड करून घेते.

दूध एकदम ओतू नये. आपला मैदा कधी जास्त तर कधी कमी दूध पितो, म्हणून १२० मिलीपासून सुरुवात करून सुरीच्या पात्याने ढवळत राहावे आणि पीठ हाताला किंचित चिकटेल इतके ओले होताच थांबावे. नंतर ओट्यावर दोन-तीन घड्या घालून हातानेच अडीच सेंटीमीटर जाडीचे थापावे. एक सेंटीमीटर पोळीचे स्कोन उंच होण्याची अपेक्षा करणे हे त्या बिचाऱ्या पिठावर अन्याय करणे आहे!

आणि ती वाटी कृपया बाजूला ठेवा. स्टीलच्या वाटीची कड वळवलेली व जाड असते. ती पीठ कापत नाही, दाबते. त्यातून आपण ती गोल फिरवली की कापलेली बाजू लिंपली जाते आणि थर वर सरकू शकत नाहीत. धारदार कटर सरळ खाली दाबून सरळ वर उचलावा. तो नसेल तर सुरीने चौकोन करावेत, म्हणजे उरलेले तुकडे पुन्हा गोळा करून थापण्याची वेळच येत नाही. वरून दूध लावताना ते कडेने ओघळू देऊ नये, त्यानेही बाजू चिकटते.

डेव्हनवासी :
वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त बेकिंग पावडरविषयी भर घालतो. येथे डेव्हनमध्ये, म्हणजे तुमच्या एक्सेटरच्याच परगण्यात, घरोघरी सेल्फ-रेझिंग पीठ वापरतात, म्हणजे त्यात फुगवणारा घटक आधीच मिसळलेला असतो. आपल्या साध्या मैद्याला २२५ ग्रॅमसाठी अडीच ते तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर लागते. तुमचा एक चमचा फारच अपुरा पडला. तिला ओलावा मिळताच वायू तयार होऊ लागतो, त्यामुळे ओले पीठ अर्धा तास झाकून ठेवणेही तुम्हाला महागात पडले असणार. डबा जुना असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. ती जोरात फसफसली नाही तर नवा डबा आणावा. ओव्हन आधी नीट तापवून २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटे भाजावे, कारण मंद आचेवर स्कोन फुगण्याऐवजी वाळतात. ओटीजी लहान असेल आणि वरची कांडी ट्रेच्या फार जवळ येत असेल, तर ट्रे एक खण खाली ठेवावा.

बेदाण्यांच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. येथे स्कोनमध्ये घालतात ते सुलताना नावाचे बेदाणेही बिनबियांच्याच द्राक्षांचे असतात आणि आपल्याकडे तासगाव-सांगलीच्या बाजूला ज्या थॉमसन सीडलेस द्राक्षांचे बेदाणे करतात, ती त्याच जातीची आहेत. ते कोऱ्या गरम चहात वीस मिनिटे भिजवून, पुसून, पूर्ण कोरडे करून घालावेत. कोरडेच घातले तर ते पिठातील ओलावा ओढून घेतात आणि पृष्ठभागावर आलेले जळतात. बियांच्या काळ्या मनुका मात्र नकोत.

चहाटळ :
आपल्या दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका राहिल्या आहेत. काही पाककृतींत दुधाऐवजी ताक सांगितलेले असते, ते आपले नेहमीचे ताक चालेल का? आणि सकाळी साडेसातला मुलांच्या न्याहारीसाठी ताजे स्कोन हवे असतील तर किती वाजता उठावे?

सोडा_आणि_दही :
मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. त्या पाककृतींतील ताक आपल्या पाणीदार ताकापेक्षा बरेच दाट असते. त्याऐवजी दह्यात थोडे दूध घालून, ओतता येईल इतके पातळ करून घ्यावे. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि सोडा दोन्ही असतात, परंतु दही स्वतः आम्ल असल्याने ते वापरताना पाव चमचा खाण्याचा सोडा घालावा आणि पावडर एका चमच्याने कमी करावी. सोड्याचा हात सैल सुटला तर स्कोन पिवळट होतात आणि साबणासारखी चव येते. भज्यांच्या पिठात हा अनुभव कोणी ना कोणी घेतलेला असतोच.

ओव्हनशेजारी :
सकाळसाठी पहाटे उठण्याची मुळीच गरज नाही. मैदा, साखर, बेकिंग पावडर यांत बटर चोळून तो कोरडा भुगा रात्री डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी फक्त बेदाणे व दूध घालावे. ओव्हन तापेपर्यंत पीठ कापून तयार होते. दुसरा मार्ग म्हणजे कच्चे कापलेले स्कोन फ्रीझरमध्ये ठेवणे. ते न वितळवता तसेच ओव्हनमध्ये घालावेत आणि चार-पाच मिनिटे जास्त द्यावीत. भाजलेले स्कोन संध्याकाळपर्यंतच चांगले लागतात, त्यामुळे साठवायचेच असतील तर कच्चे साठवलेले बरे.

चहाटळ :
काल रविवारी पुन्हा केले. बटर किसून, दूध १३० मिली, बेकिंग पावडर अडीच चमचे, सुरीने कापलेले चौकोन, २२० अंशांवर १४ मिनिटे. उंची जवळजवळ दुप्पट झाली आणि बाजूंना ती आडवी भेगही पडली, जिथून ते हाताने उघडता येतात. स्कोनवर लावायचे दाट क्लॉटेड क्रीम कोठून आणावे हा प्रश्न मात्र उरलाच होता. शेवटी म्हशीच्या दुधाची दोन दिवसांची जाड साय हलकेच फेटून लावली आणि वर पाचगणीहून आणलेला स्ट्रॉबेरी जॅम.

डेव्हनवासी :
म्हशीच्या दुधाची साय ही कल्पना उत्तमच आहे, कारण क्लॉटेड क्रीमसुद्धा मंद आचेवर तापवून, गार करून वर धरलेली सायच असते. साय आधी आणि जॅम नंतर लावलात, ही डेव्हनची रीत झाली. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी लावतात, तेव्हा तेथील कोणी चहाला यायचे असेल तर क्रम बदलावा.