पीएचडी झाली की प्राध्यापकच व्हायचं का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

ऐरोलीची_मैना | सोमवार, रात्री 11:48
मदत हवी आहे. पीएचडी संपत आलीय. महापेतल्या एका कंपनीची ऑफर आलीय, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. सर म्हणतात, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) कर, एकदा कंपनीत गेलीस की परतीचे दोर कापले. आईने अर्ध्या सोसायटीला सांगून ठेवलंय की मुलगी प्राध्यापिका होणार. शिकवायला आवडतं मला, पण सहा वर्षं लॅबमध्ये काढून परत रांगेत उभं राहायचं म्हटलं की डोकं फिरतं. दोन्हीकडचं पाहिलेलं कोणी आहे का? "मनाचं ऐक" सोडून काहीही सांगा. लवकर.

खाडीकाठ | सोमवार, रात्री 11:59
विषय? नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा)? वय? पगार? ताई, तुम्ही डॉक्टरकडे जाऊनही "दुखतंय" एवढंच सांगता का?

पनवेल_पॅसेंजर | मंगळवार, सकाळी 7:10
फिजिक्स असेल तर कंपनी सोडा. आपल्या नवीन पनवेललाच भूचुंबकत्वाची संस्था आहे, तिथल्या जाहिराती बघत राहा. मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हणून 1904 मध्ये चुंबकीय मोजमापं कुलाब्याहून अलिबागला हलवली, ती परंपरा अजून चालू आहे. कधीतरी जाऊन या. बायोलॉजी असेल तर खारघरचं कॅन्सर संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक.

ऐरोलीची_मैना | मंगळवार, सकाळी 8:32
केमिस्ट्री. ऑरगॅनिक. जेआरएफवर (नेटमधून मिळणारी संशोधनाची स्कॉलरशिप) होते म्हणजे नेट आलंच की. वय 31. ऑफर हातात 55,000. आता सांगा.

तासिकावीर | मंगळवार, दुपारी 1:15
मी सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. सकाळी कल्याण, दुपारी भिवंडी. जेवढे तास तेवढे पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य, जूनमध्ये परत त्याच कॉलेजात त्याच लोकांसमोर मुलाखत. मागच्या वर्षी प्रॅक्टिकलला ब्युरेट कमी पडल्या, मुलांना आळीपाळीने टायट्रेशन करायला लावलं. माझा तास संपला तेव्हा दोघींचं शेवटचं रीडिंग राहिलं होतं. थांबलो. त्या पाऊण तासाचे पैसे मिळत नाहीत. आणि अख्ख्या आठवड्यात मला तोच पाऊण तास आवडला होता. इथेच माणूस फसतो.

कायम पद मिळालं तर राजा. लेव्हल 10, सुरुवातीचं मूळ वेतन 57,700, वर महागाई भत्ता. पण आधी शासनाची मंजुरी, मग बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची, ती यादी), मग जाहिरात. 2088 जागांची मंजुरी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले होते. पेढे संपले, मी अजून भिवंडीला जातोय. सरांना विचारा, तुमच्या विषयात, तुमच्या बिंदूवर, गाडी करून जाता येईल इतक्या अंतरात किती जागा निघाल्या. "पुढे निघतील" हे उत्तर धरू नका.

शुद्ध_विज्ञान | मंगळवार, दुपारी 1:40
असं घाबरवू नका हो. आता पीएचडीशिवाय प्राध्यापक होताच येत नाही, म्हणजे स्पर्धा कमी. पीएचडी ही शिकवण्यासाठीच असते. कंपनीत जायचं होतं तर एमएस्सीनंतरच जायचं, कोणाची तरी सीट वाचली असती.

तासिकावीर | मंगळवार, दुपारी 1:52
साफ चूक. ती सक्ती आधी पुढे ढकलली आणि 1 जुलै 2023 पासून काढूनच टाकली. सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट पुरते. पीएचडी पुढे असोसिएटला लागते. स्पर्धा वाढलीय, कमी नाही झालेली.

शुद्ध_विज्ञान | मंगळवार, दुपारी 2:05
नियम वेगळा, मुलाखत वेगळी. मुलाखतीत पीएचडीवालाच घेतात.

तासिकावीर | मंगळवार, दुपारी 2:07
किती मुलाखती दिल्यात आपण?

शुद्ध_विज्ञान | मंगळवार, दुपारी 2:31
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

घणसोलीचा_केमिस्ट | मंगळवार, रात्री 9:20
मी पीएचडी करून औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे, नववं वर्ष. "परतीचे दोर" वगैरे ठीक, पण तिकडे काय असतं ते कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.

पीएचडीत 50 मिलिग्रॅम शुद्ध माल निघाला की आपण खुश. इथे तीच रिअ‍ॅक्शन मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये जाते. छोट्या फ्लास्कची उष्णता बर्फाच्या टबात पाच मिनिटांत निघून जाते. रिअ‍ॅक्टरमध्ये द्रव हजारपट होतो, पण थंड करणाऱ्या बाहेरच्या जॅकेटला लागलेली भिंत त्या मानाने फार थोडी वाढते, म्हणून उष्णता आतच कोंडते. माझ्या पहिल्या बॅचमध्ये मी पेपरात लिहिल्यासारखं अभिकर्मक एकदम ओतायला सांगणार होतो. ऑपरेटर दादा दहावी पास. माझ्याकडे नुसतं बघून म्हणाले, "साहेब, सहा तासांत थेंबाथेंबाने घालू." तो माझा पहिला व्हायवा. आणि कॉलम (लॅबमध्ये माल शुद्ध करायची काचेची नळी) विसरा. प्लांटवर शक्य तेवढं क्रिस्टलायझेशनवर, म्हणजे स्फटिक पाडून शुद्ध करण्यावर, भागवतात, ते शिकायला मला दोन वर्षं गेली.

पेपर लिहायची सवय सुटते, हे खरं. तीन-चार वर्षांनी कॉलेजला अर्ज केला तर "पब्लिकेशन कुठे आहेत" विचारतात. सर त्या बाबतीत बरोबर आहेत.

नौपाड्याचे_काका | बुधवार, सकाळी 6:15
मुली, बार्कच्या ट्रेनिंग स्कूलला अर्ज कर. 1957 पासून चालू आहे. आमच्या काळी ठाण्याहून तीन पोरं लागली, तिघंही सायंटिफिक ऑफिसर म्हणून निवृत्त. क्वार्टर, दवाखाना, पेन्शन.

खाडीकाठ | बुधवार, सकाळी 6:40
काका, तिथे खुल्या वर्गाला 26 वर्षांची अट असते. ताई 31 च्या आहेत. चहा घ्या.

दावा_क्रमांक_एक | बुधवार, सकाळी 11:05
कोणी पेटंटचं बोलतच नाहीये! पेटंट एजंटची परीक्षा द्या. घरून काम, ऑरगॅनिकवाल्यांना मागणी. पेटंट कायद्याच्या कलम 3(डी) वर (जुन्या औषधाच्या नव्या रूपाला सहज पेटंट नाही) तर आयुष्य निघतं. 2013 मध्ये ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने

घणसोलीचा_केमिस्ट | बुधवार, सकाळी 11:20
त्या परीक्षेला विज्ञानाची पदवी पुरते. सहा वर्षं घालवून तिने पदवीची परीक्षा कशाला द्यायची?

दावा_क्रमांक_एक | बुधवार, सकाळी 11:24
मला वाक्य तर पूर्ण करू द्या.

पनवेल_पॅसेंजर | बुधवार, दुपारी 12:50
अवांतर: ऐरोलीहून महापेला जायला घणसोलीला उतरायचं की कोपरखैरणेला?

तासिकावीर | बुधवार, दुपारी 1:02
कोपरखैरणे. रिक्षा मिळते.

घणसोलीचा_केमिस्ट | बुधवार, दुपारी 1:03
घणसोली. रोज जातो.

कळवा_नाका | बुधवार, रात्री 10:30
एक विचारू? "संपत आलीय" म्हणजे नेमकं काय? थिसिस जमा केलाय का?

ऐरोलीची_मैना | बुधवार, रात्री 10:48
तीन चॅप्टर झालेत. चौथं अर्धं. सिनॉप्सिस (थिसिसआधी द्यायचा सारांश) पुढच्या महिन्यात. स्कॉलरशिप मार्चलाच संपली, पाच वर्षं झाली ना. म्हणून तर घाई आहे. कंपनी 1 तारखेला बोलावतेय.

खाडीकाठ | बुधवार, रात्री 10:50
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो ताई!!

कळवा_नाका | बुधवार, रात्री 11:37
ताई, मी असाच निघालो होतो, 2016 मध्ये. माझेही तीन चॅप्टर झाले होते. शनिवार-रविवारी लिहीन म्हटलं. फक्त एका कंपाउंडचा, माझ्या क्रमांकाने 27 चा, कार्बन एनएमआर (रचना तपासायची चाचणी) परत घ्यायचा होता. पहिले चार महिने शनिवारी सुद्धा ड्युटी लागली. पाचव्या महिन्यात सुट्टी टाकून लॅबला गेलो तर नव्या मुलांनी फ्रीज साफ केलेला. बाटली कचऱ्यात. 27 पुन्हा करायचं म्हणजे अकरा स्टेप्स, आणि माझं फ्यूम हूड दुसऱ्याला दिलेलं. सर चांगले होते, दोन वर्षं फोन करत राहिले. मग मीच उचलणं बंद केलं. आज माझ्या हाताखालचा पोरगा डॉक्टर आहे आणि त्याची श्रेणी माझ्या वर लागते.

प्राध्यापक की कंपनी ते नंतर बघा. जॉइनिंग पुढे ढकलतात का विचारा. विचारल्याने ऑफर जात नाही. गेली तर ती कंपनी तशीच होती समजा.

घणसोलीचा_केमिस्ट | बुधवार, रात्री 11:52
प्रचंड अनुमोदन. आम्ही दोन महिने सहज थांबतो, लोकांचे नोटीस पीरियड तेवढेच असतात. आणि लेटरमध्ये पद काय लिहिलंय ते वाचा. थिसिस जमा केल्याची पावती दाखवल्यावर श्रेणी बदलणार असेल तर ते लेखी घ्या. तोंडी नको.

शुद्ध_विज्ञान | गुरुवार, सकाळी 9:14
आणि पोस्टडॉक? तो पर्याय एकदम गायब?

तासिकावीर | गुरुवार, सकाळी 9:30
पोस्टडॉकला तरी थिसिस लागतोच ना दादा.

ऐरोलीची_मैना | गुरुवार, रात्री 8:20
एचआरला फोन केला. आवाज थरथरत होता माझा. बाई म्हणाल्या, "दोन महिने? मेल टाका." एवढंच. मेल टाकला, श्रेणीचंही विचारलं, त्याचं उत्तर अजून नाही. सरांना सांगितलं की सिनॉप्सिस होईपर्यंत पोस्टडॉकचा विषय काढू नका. ते गप्प बसले, मग म्हणाले चौथ्या चॅप्टरचा ड्राफ्ट सोमवारी टेबलावर ठेव. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही.

आणि कळवा_नाका दादा, सकाळी पहिलं काम फ्रीजचं केलं. माझ्या एकोणीस बाटल्या निघाल्या. सहांवरचं मार्करचं लेबल पुसून गेलेलं, आणि एकीवर नुसतं "मैनाचं, हात लावू नये". आत काय आहे ते आता टीएलसी लावून शोधतेय.

पनवेल_पॅसेंजर | गुरुवार, रात्री 8:41
छान! पण घणसोली की कोपरखैरणे?