सॉलिसिटर एवढ्यात बदलू नका

इंग्लंडमध्ये घर घेताना तुमचा सॉलिसिटर (खरेदीची कागदपत्रं बघणारा वकील) तीन आठवडे फोन उचलत नाही, बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. तुमची तगमग कळते, पण सध्या बदलू नका. नवा माणूस फाईल पहिल्या पानापासून वाचणार, शिवाय आधीच्याचं झालेल्या कामाचं बिल भरावं लागेल ते वेगळंच.

लीड्समध्ये घर घेताना आमचं असंच अडलं होतं. मागच्या खोलीच्या खिडक्या बदललेल्या, त्यांचं फेन्सा प्रमाणपत्र (खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला) सापडेना. शेवटी विकणाऱ्याच्या वकिलाने ते पाठवलं, आणि आमच्या सॉलिसिटरच्या इनबॉक्समध्ये ते 11 दिवस न उघडता पडून होतं! घर विकणाऱ्या एजंटला फोन केला तेव्हा कळलं. इकडे भाड्याच्या घराची नोटीस देऊन झालेली, खोके बांधून दाराशी ठेवलेले. इंग्लंडमध्ये कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कुणीच बांधील नसतं, विकणारा ऐनवेळी दुसऱ्याला घर देऊ शकतो. म्हणून हा उशीर जिवाला लागतो.

त्यानंतर मी दर सोमवारी एकच ईमेल टाकायचो: कोणत्या एन्क्वायरी (विकणाऱ्याच्या वकिलाला विचारलेले प्रश्न) बाकी आहेत, कुणाकडे अडल्यात, कौन्सिलचा सर्च (घराबद्दलच्या स्थानिक नोंदींची तपासणी) कधी मागवला. फोनपेक्षा याचा खूप उपयोग झाला. तुम्ही घेताय तो फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) असेल तर मॅनेजमेंट पॅक (इमारतीचा खर्च, देखभाल यांची कागदपत्रं) मागवायला विकणाऱ्याला आजच सांगा, त्यात फार वेळ जातो. मॉर्गेज ऑफरची (बँकेने गृहकर्ज देऊ केल्याच्या पत्राची) मुदत कधी संपते तेही बघून ठेवा. एवढं करूनही हालचाल नसेल तर फर्मकडे लेखी तक्रार करा. 8 आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बड्समनकडे (वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं.