प्रति: पहिला रिपोर्ट चुकला होता का?
राजापूरच्या काकांचा पहिला सीबीनॅट (बेडक्यातले क्षयाचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) रिपोर्ट 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नाही', म्हणजे क्षयाच्या या औषधाला जंतू दाद देतात, असा होता आणि चार महिन्यांनी उलटा आला, म्हणून वरच्या प्रतिक्रियांत सगळे लॅबवर घसरलेत. लॅब चुकलीच नसेल असं नाही, पण दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात.

फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि ते सगळे एकसारखे नसतात. क्षयाचे जंतू इतर बऱ्याच जंतूंसारखे एकमेकांकडून जनुकं उचलत नाहीत; विभागणी होताना अधूनमधून चुका होतात, तेवढंच. आयसोनियाझिड या क्षयाच्या दुसऱ्या औषधाला दाद न देणारा साधारण दहा लाखांत एखादा निघतो. म्हणजे गोळी सुरू होण्याआधीच तो तिथे असतो! म्हणून तर चार औषधं एकदम देतात. मध्येच खंड पडला, की घेतलेल्या गोळ्यांनी साधे मरतात आणि चिवट फोफावतात. एका पोकळीत एक वाण, दुसऱ्या पोकळीत दुसरा, असंही दिसलंय. बेडका कुठून आला त्यावर रिपोर्ट. पागाची (फेकायच्या जाळ्याची) एक फेक मारून खाडीत मासे कुठले ते ठरवण्यासारखं. थोडेच चिवट असतील तर मशीनला ते दिसतही नाहीत.

आणि साधं सीबीनॅट फक्त रिफाम्पिसिनचं सांगतं. आयसोनियाझिडसाठी एलपीए (जंतूंच्या जनुकांवरून रेझिस्टन्स शोधणारी दुसरी तपासणी) झाली का, ते विचारा.

चाकरमान्यांनो, गणपतीला गावी येताना गोळ्या सोबत आणा. निक्षय आयडी (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) दाखवला तर इकडच्या सरकारी दवाखान्यातही उपचार पुढे चालू राहतात.