एल्फ रोज रात्री हलवायचा, की नाताळच्या गोठ्यावरच भागवायचं?

कॅम्पातली आई

नमस्कार. मी बेळगावात कॅम्पात राहते. माहेर खानापूर तालुक्यातलं. घरात कोकणी बोलतो, पण शिकले मराठी शाळेत, त्यामुळं मनातलं लिहायचं म्हटलं की मराठीच येतं. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. मी एका पतसंस्थेत काउंटरवर. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीनं कॅनडाहून एक एल्फ पाठवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लाल कपड्यातला, लांब हातापायांचा, टोपीवाला बाहुला असतो. 2005 साली अमेरिकेत एका पुस्तकासोबत तो बाजारात आला आणि तिकडं घरोघरी पोचला. तो म्हणे सांताक्लॉजचा माणूस. दिवसभर घरात बसून मुलं कशी वागतात ते बघतो, रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सगळं सांगतो आणि सकाळी घरात दुसऱ्याच जागी बसलेला सापडतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तर त्याची जादू जाते. रोज रात्री त्याची जागा बदलायचं काम आईबापांचं, तेही मुलांना कळू न देता, डिसेंबरच्या 24 तारखेपर्यंत.

पहिले चार-पाच दिवस घरात नुसता आनंद होता. सकाळी उठवायला लागत नव्हतं. पण मुलांच्या वर्गातल्या आयांचा एक ग्रुप आहे, तिथं फोटो यायला लागले. कुणाच्या एल्फनं ओट्यावर मैद्याचा बर्फ केलाय, कुणाचा दोरीवरून उतरतोय, कुणी त्याला इवलीशी चिठ्ठी लिहायला बसवलंय. मग नुसती जागा बदलून भागेना. मी रात्री भांडी घासून झाल्यावर अकरा वाजता कापसाचे ढग करत बसायची.

9 तारखेला नवऱ्याची रात्रपाळी होती. संध्याकाळी काउंटरवर हिशेब जुळेना म्हणून मला घरी यायलाच साडेआठ झाले. मुलांना जेवू घातलं आणि त्यांच्याशेजारीच मला झोप लागली. सकाळी बघते तर धाकटी स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभी, अनवाणी, हाताची घडी घालून. एल्फ कालच्याच जागी. म्हणाली, "काल मी दादाला चिमटा काढला. म्हणून तो गेलाच नाही. त्याला आपल्या घराचा कंटाळा आलाय." मी म्हटलं, थंडी फार होती, दमला असेल. तिनं मान हलवली, पण पुढचे दोन दिवस ती दादाशी एक अक्षरही भांडली नाही. जेवताना तिरक्या नजरेनं फ्रिजकडं बघायची. एवढी शहाणी झालेली माझी लेक मला बघवत नव्हती.

आणि या सगळ्यात गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, राहून गेला. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "गोठा कधी करूलायस?" शेवटी 22 तारखेला तयार गोठा बाजारातून आणून टेबलावर ठेवला. मुलांनी एकदा बघितला आणि गेली.

यंदा ग्रुपवर आणखी बोलणं चालू आहे. सगळ्या घराला एकसारखे रात्रीचे कपडे, रोज एक दार उघडायचं असं 24 दारांचं चॉकलेटचं कॅलेंडर, 1 डिसेंबरला भरून द्यायचा खास डबा. मला मुलांसाठी करायला आवडतं हो, मनापासून आवडतं. पण हे सगळं अंगावर घ्यावं का? नाही घेतलं तर माझी मुलं वर्गात एकटी पडतील का? आणि एल्फ एकदा सुरू केलाय, तो बंद कसा करायचा?

---

टिळकवाडीकर बाबा

ताई, आम्ही ख्रिश्चन नाही, पण आमची दोन्ही मुलं कॉन्व्हेंटमध्ये आहेत, त्यामुळं डिसेंबर आमच्याही घरात येतोच. माझं मत थोडं वेगळं आहे. नवीन आहे म्हणून सोडू नका. ख्रिसमस ट्री मूळचा जर्मनीकडचा, इंग्रजांच्या घराघरात तो गेला व्हिक्टोरिया राणीच्या काळात, आणि आज त्याच्याशिवाय कुणाचा नाताळ होत नाही. 31 डिसेंबरला आपल्या कॅम्पात ओल्ड मॅनचा पुतळा जाळतात, तोही काही आपल्या पंचांगातला नव्हे. तरी गल्लीगल्लीतली पोरं आठवडाभर आधी जुने कपडे आणि गवत गोळा करत फिरतात, आणि मला ते फार आवडतं.

आमच्या घरात दिवाळीचा किल्लाही वडिलांनीच सुरू केला, आजोबांच्या वेळी नव्हता. वडील शनिवारी रात्री पोती भिजवून ठेवायचे आणि रविवारी आम्ही तिघं भावंडं चिखलात. तटबंदी माझ्याकडं, अळीव पेरायचं बहिणीकडं. वडील गेले त्याला आता सात वर्षं झाली. ओल्या मातीचा वास आला की मला त्यांची बोटं दिसतात, नखात माती गेलेली.

तेव्हा झेपत असेल ते करा. मुलं सहा-नऊ वर्षांची कायम राहत नाहीत.

---

खानापूरच्या बाई

बाळ, मी तुझ्या माहेरच्याच मुलखातली. प्राथमिक शाळेत 31 वर्षं शिकवलं, आता निवृत्त. तीन मुलं वाढवली, तिघंही आता बाहेरगावी. लांबलचक लिहिणार आहे, सवडीनं वाच.

वरच्या दादांनी किल्ल्याचं लिहिलंय ते वाचून मला बरं वाटलं. पण त्यांच्या लक्षात आलं नसेल, त्यांनी लिहिलंय त्यात पोती वडिलांनी भिजवली आणि चिखलात हात मुलांचे होते. तुझ्या एल्फमध्ये मुलांनी हात लावायचाच नाही. सगळं तू एकटीनं करायचं, चोरून, अर्ध्या रात्री, आणि पोरांनी सकाळी येऊन बघायचं. तू ज्या दिवशी दमशील त्या दिवशी सण मोडणार. तो मोडला, आणि तुझ्या लेकीला वाटलं, आपल्यामुळं मोडला.

आमच्याकडं गोठ्याची तयारी सायबाच्या फेस्तापासून, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणापासून, सुरू व्हायची. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याला फेस्त. आमच्या भागातली माणसं चालत जातात, तुला ठाऊकच आहे. मुलांचे वडीलही दरवर्षी जायचे. ते परत आले की 8 तारखेला, निष्कलंक मातेच्या सणाला, गहू भिजत घालायचे. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड दिसले की पत्र्याच्या जुन्या डब्यांच्या झाकणात माती घालून दाट पेरायचे. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर दाणे कुजतात. पहिले तीन दिवस झाकून, मग खिडकीत. 24 तारखेपर्यंत हिरवंगार कुरण तयार. हे काम धाकट्याचं. शाळेतून आला की दप्तर न ठेवता आधी झाकणं बघायचा.

मेंढ्या, गाय, मेंढपाळ आम्ही घरी करायचो. आपल्या खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली, ती काय विकत आणायची आहे? थोरलीनं एकदा गाय केली, ओली असतानाच चुलीच्या निखाऱ्यात सरकवली, आणि ती फट्कन फुटली. दोन तास रडली. दुसऱ्या वर्षी तिनं गाय चार दिवस सावलीत सुकवली, मग उन्हात, मग निखाऱ्याच्या कडेला. ती गाय अजून आहे माझ्याकडं. एक शिंग गेलंय.

आता एल्फ मुलांवर नजर ठेवतो म्हणतेस, त्याचं सांगते. आमच्यात गव्हाण 24 तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळआधीचे, चार रविवार. तेवढ्या दिवसात मुलानं काही चांगलं केलं, कुणाला मदत केली, राग गिळला, की त्यानं भाताच्या पिंजाराची एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळ येशू येणार आहे, त्याला मऊ अंथरूण हवं. काडी टाकायची की नाही ते त्याचं त्यानं ठरवायचं. मी कधी विचारलं नाही, कधी मोजलं नाही. वाईट वागलं म्हणून काडी काढून घ्यायची नाही. एका वर्षी मधल्यानं मूठभर पिंजार एकदम टाकलं. मी बघितलं आणि गप्प राहिले. संध्याकाळी त्यानं आपणच अर्धं काढलं.

आता 1994 सालचं. डिसेंबरच्या 10 तारखेला मला टायफॉइड झाला. बेळगावला दवाखान्यात बारा दिवस. मुलांचे वडील सकाळी माझ्याकडं, संध्याकाळी मुलांकडं, एसटीनं हेलपाटे. थोरली बारा वर्षांची, मधला नऊचा, धाकटा सातचा. मी पडल्या पडल्या एवढंच मनात आणत होते की यंदा पोरांना नाताळ नाही. ना नेवऱ्या, ना दोदोल, ना कपडे.

22 तारखेला घरी आले. ओटीच्या कोपऱ्यात गोठा उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं. गहू फार लवकर पेरले होते, ते वीतभर वाढून आडवे झाले होते, मेंढ्या त्यात दिसतच नव्हत्या. छप्पर एका बाजूला कललेलं. उंटाचा पाय मोडला होता, त्याला दगड टेकवून उभा केला होता. आणि शेजारच्या पोरांनी दिवाळीच्या किल्ल्यातले दोन मावळे आणून दिले होते, ढाल-तलवारीसकट. ते गव्हाणीच्या दोन्ही बाजूंना उभे. धाकटा म्हणाला, "हे बाळाची राखण करतात."

गव्हाण पिंजारानं काठोकाठ भरली होती.

मी नव्हते आणि तरी नाताळ झाला होता. कारण तो त्यांना करता येत होता. माझं म्हणणं एवढंच आहे बाळ. नवीन काय घ्यायचं, जुनं काय ठेवायचं, हे ठरवताना एवढं बघ, उद्या तू आजारी पडलीस तर यातलं काय तुझी मुलं स्वतः करतील?

दादा म्हणतात तसं, नवीन वाईट नाही. गोठासुद्धा कधीतरी नवीनच होता. संत फ्रान्सिस असिसीकरांनी 1223 साली ग्रेच्चो गावात पहिल्यांदा खरा बैल, खरं गाढव उभं करून गोठा मांडला. बाळाचा जन्म डोळ्यांनी बघता यावा, एवढ्यासाठी.

---

डब्लिनहून

मूळची शहापूरची, आता अकरा वर्षं आयर्लंडमध्ये. इथं एल्फ पुष्कळ घरांत आहे, आमच्याही. बंद कसा करायचा याचं तेवढं सांगते.

आमच्या मुलालाही त्या नजर ठेवण्याची भीती बसली होती. रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन झोपायचा. मग एल्फकडून पत्र आलं: "सांतानं मला चुगल्या सांगायच्या कामातून मोकळं केलंय. आता मला हात लावला तरी चालतं. मला तुमच्याकडंच राहायचंय." मुलानं पत्र तीन वेळा वाचायला लावलं आणि त्या रात्री एल्फला उशाशी घेऊन झोपला. अचानक गायब करू नका. मुलं कारण शोधतात आणि ते स्वतःत शोधतात.

24 दारांचं कॅलेंडर मात्र मला चांगलं वाटतं. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात लोक दारावर खडूच्या रेघा ओढून दिवस मोजायचे, त्यातून ते आलं. तुम्हीही खडूनं करा. रोज एक रेघ पुसायला मुलांना फार आवडतं, पैसे लागत नाहीत आणि एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन पुसता येतात.

वर्गात एकटी पडतील का म्हणून विचारलंत. एखादा दिवस हिरमुसतील. माझा मुलगा शाळेत सांगून आला होता की माझी आजी कंगव्यावर कणकेचे गोळे दाबून कुलकुल करते. दुसऱ्या दिवशी चार मुलांनी त्याच्याकडं कुलकुल मागितले.

---

कॅम्पातली आई

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. उंटाच्या पायाशी आल्यावर त्या उठून आत गेल्या आणि माळ्यावरून एक पेटी काढायला लावली. त्यात त्यांच्या सासूबाईंच्या वेळच्या चार मेंढ्या निघाल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मला या घरात येऊन बारा वर्षं झाली, मला ठाऊकच नव्हतं.

पत्र लिहिलं. एल्फचं अक्षर थोरल्यानं ओळखलं असं मला वाटतं, कारण त्यानं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलला नाही. नंतर बहिणीला पत्र त्यानंच वाचून दाखवलं, अगदी गंभीरपणे.

एकसारखे कपडे घेत नाही. ग्रुप बंद आवाजावर ठेवलाय. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूच्या 24 रेघा ओढल्यात. पिंजार माहेराहून भाऊ घेऊन आला, पिशवीभर, नव्या भाताचं, घरभर वास सुटलाय.

काल 8 तारीख होती, गहू भिजत घातले. आज सकाळी धाकटीनं फडकं उघडून बघितलं, अजून मोड नाहीत. थंडी आहे, एखादा दिवस जास्त लागेल असं सासूबाई म्हणाल्या. तिनं फडकं परत बांधलं आणि वर एल्फला बसवलं, ऊब यावी म्हणून.

बाई, एक विचारायचं राहिलं. पहिले तीन दिवस झाकून ठेवायचे म्हणालात, ते पाण्याचा हबका मारताना उघडायचे की झाकणाखालीच? थोरला विचारतोय.