लिनक्ससीएनसी लेथ: टी१ची साईझ बरोबर येते, दुसरं टूल घेतलं की डाया चुकतो

शिरोली_टर्निंग:
नमस्कार मंडळी. जुना स्लँट बेड लेथ आहे, ८ स्टेशनचा टरेट (टूल फिरवून बदलणारं डोकं). मूळ कंट्रोल मेला, त्याचं कार्ड आता कुठंच मिळेना म्हणून लिनक्ससीएनसी २.९ (पीसीवर चालणारं कंट्रोल सॉफ्टवेअर) टाकलं, मेसा ७आय७६ई कार्ड आणि पल्स-डिरेक्शनवाले सर्वो बसवले. दोन्ही अ‍ॅक्सिस व्यवस्थित चालतात, होमिंग होतंय, स्पिंडलला १०२४चा एनकोडर पण लावलाय. अडकलोय ते टूल ऑफसेटवर (प्रत्येक टूलच्या टोकाच्या जागेचा फरक). टी१नं बारवर कट मारतो, मायक्रोमीटरनं मोजतो, टच ऑफला (टूलचं टोक कुठं आहे ते कंट्रोलला सांगायची सोय) जाऊन डाया टाकतो, स्क्रीनवर बरोबर दिसतंय. मग टी३ बोरिंग बार घेतो, त्याचाही तसाच टच ऑफ करतो, तोही बरोबर. आणि परत टी१वर आलो की टी१चा आकडा भलतीकडंच, वीस-पंचवीस मिलीमीटरचा फरक. होमिंग परत केलं तरी तेच.
दुसरी अडचण, फॅनक कंट्रोलवरचा जुना प्रोग्राम टाकला. टी०१०१ला (फॅनकचा टूल घ्यायचा कोड) एरर आली म्हणून टी१ एम६ केलं, जी५०ची ओळ काढली, यू-डब्ल्यूच्या (आहे तिथून किती हलायचं त्या) ओळी एक्स-झेडमध्ये लिहिल्या. आता एरर काहीच येत नाही पण रॅपिडनं जॉबजवळ येतो आणि कट सुरू व्हायच्या जागी थांबून राहतो, स्पिंडल फिरतोय नुसता. सुरुवात अशी आहे:
जी२१ जी१८ जी९९
टी१ एम६
जी९७ एस८०० एम३
जी० एक्स६२ झेड२
जी१ झेड-४० एफ०.२
माझा सगळा हात फॅनकवर बसलाय, लिनक्ससीएनसी पहिल्यांदाच करायलोय. कुणी केलं असेल तर सांगा.

सातपूर_थ्रेडिंग:
दुसऱ्या अडचणीचं पहिलं सांगतो कारण ती सोपी आहे. मशीन थांबलेलं नाही, चालतंय! फॅनक लेथवर जी९९ म्हणजे फीड पर रेव्ह, पण लिनक्ससीएनसीत जी९८-जी९९ हे ड्रिलिंग सायकलमध्ये कुठपर्यंत मागं यायचं त्याचे कोड आहेत, म्हणून एरर येत नाही. फीड मात्र जी९४वरच (मिनिटाला किती मिमी) राहिला, म्हणजे तुझं एफ०.२ त्यानं ०.२ मिमी प्रति मिनिट वाचलं, एक मिलीमीटर जायला पाच मिनिटं. जी९९ काढून जी९५ (फीड पर रेव्ह) टाक.
पण जी९५ लावायच्या आधी एक काम नक्की कर. हॅलमध्ये (लिनक्ससीएनसीत सिग्नल एकमेकांना जोडायची जागा) स्पिंडलच्या स्पीड-इन पिनला जो आकडा येतो तो सेकंदाला किती फेरे असा लागतो, आरपीएम नाही. तिथं आरपीएम जोडला असेल तर फीड ६० पट होईल आणि टूल सरळ जॉबमध्ये घुसेल. ६०० आरपीएमवर फिरव आणि हॅल मीटरमध्ये बघ, १० दिसायला पाहिजे. १०२४ लाईनचा एनकोडर असेल तर एका फेऱ्याला ४०९६ काउंट धर. आणि पहिला जी९५चा प्रोग्राम चकमध्ये काही न लावता, फीड ओव्हरराइड खाली ठेवून चालव.
कॉन्स्टंट सरफेस स्पीडला (डाया बदलला तरी कटिंग स्पीड तोच) फॅनकमध्ये जी५० एस२५०० देऊन लिमिट लावतो ते इथं त्याच ओळीत जातं, जी९६ डी२५०० एस१८० असं. डी विसरू नका, फेसिंग करताना सेंटरकडे जाईल तसा स्पिंडल चढतच जातो.

भोसरी_रिट्रोफिट:
ऑफसेटचं मी सांगतो, हा प्रश्न फॅनकवरून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो. अ‍ॅक्सिसच्या स्क्रीनवर (अ‍ॅक्सिस हे इथं लिनक्ससीएनसीच्या स्क्रीनचं नाव) टच ऑफ दोन आहेत. एंड बटण दाबलं की साधा टच ऑफ, तो जी५४ (जॉबचा झिरो) बदलतो. कंट्रोल-एंड दाबलं की टूल टच ऑफ, तो टूल टेबल बदलतो. तू बहुतेक साधा करतोयस, म्हणजे टी१नं जी५४चा एक्स लिहिला, टी३नं तोच खोडून स्वतःचा लिहिला, मग टी१ कसा बरोबर येणार? लेथवर एक्सचं झिरो म्हणजे स्पिंडलचं सेंटर, ते जॉब बदलला म्हणून हलत नाही. म्हणून जी५४चा एक्स कायम शून्य, आणि प्रत्येक टूलचा एक्स टूल टेबलातच. हे एकदा पक्कं धरलं की पुढचं सगळं सरळ आहे.
आधी साफसफाई कर. एमडीआयमध्ये (एकेक ओळ टाईप करून चालवायची जागा) जी९२.१ दे, मग जी१० एल२ पी१ एक्स० झेड०, मग जी४९ (टूल ऑफसेट बंद). जी९२ (झिरो सरकवायचा कोड) कधीतरी चुकून दिलेला असेल तर तो व्हॅर फाइलमध्ये सेव्ह होऊन राहतो आणि मशीन बंद-चालू केलं तरी जात नाही, होमिंगनं पण जात नाही.
मग टी१ एम६, पुढे जी४३ (टूल ऑफसेट चालू). जी७ चालू आहे का बघ, म्हणजे एक्स डायामध्ये. बारवर हलका कट मार, एक्स अजिबात न हलवता झेडनं बाहेर ये, स्पिंडल थांबव, मोज, स्क्रीनवर एक्स निवडून कंट्रोल-एंड, मोजलेला डाया टाक. बोरिंग बारला तसंच, आतून कट मारून बोअर मोजायचा. ड्रिलला कट मारून मोजता येत नाही, चकमध्ये डायल धरून होल्डरच्या बोअरभोवती फिरवायचा, सेंटर जुळलं की एक्स० टाकायचा.
झेडसाठी एक पक्की जागा ठरव, मी चकचा फेस घेतो. चक बंद ठेवून फेस आणि टूलच्या मध्ये १० मिमीची डॉवेल पिन सरकवून बघायची, घासून जायला लागली की झेडला टूल टच ऑफ १०. सगळ्या टूलना हेच. नंतर जॉब लावला की कुठल्याही एका टूलनं जॉबच्या फेसला ये आणि आता मात्र साधा टच ऑफ, जी५४ झेड०. नवीन जॉबला एवढंच करायचं, बाकी टूलना हात लावायचा नाही.
आणि सगळ्यात महत्त्वाचं. फॅनकवर टी०१०१ म्हटलं की ऑफसेट आपोआप लागतो. इथं टी१ एम६नं फक्त टरेट फिरतो, ऑफसेट मागच्या टूलचाच राहतो, जोपर्यंत तू जी४३ देत नाहीस. टूल टच ऑफ केल्यावर अ‍ॅक्सिस स्क्रीन स्वतः जी४३ देते म्हणून हातानं करताना सगळं बरोबर दिसतं आणि प्रोग्राममध्ये ठोका बसतो. तुझ्या प्रोग्राममध्ये जी४३ कुठंच नाहीये. प्रत्येक एम६च्या खालच्या ओळीत जी४३ पाहिजेच.
इन्सर्टचा नोज ०.८ असेल तर टेबलात डीच्या खाली १.६ टाक, इथं डायमीटर लागतो, फॅनकसारखा रेडियस नाही. टूलची दिशा, म्हणजे क्यू, मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच भर, फॅनकचा आकडा तसाच उचलू नको.

शिरोली_टर्निंग:
दादा एकदम बरोबर, एंडच दाबत होतो. सगळं पुसून सांगितल्याप्रमाणे केलं, टी१ टी३ टी५ कसेही बदलून बघितले, आकडे जागेवर राहतात. स्पीड-इन पण तपासला, आरपीएमच जोडलेला होता, बरं झालं आधी सांगितलं, खरंच आभार.
आता बारीक राहिलंय. टी१चा टच ऑफ ६० डायावर केला, ६०ला साईझ बरोबर येते. त्याच टूलनं त्याच बारवर २०ची स्टेप केली तर २०.०२ येते. एक्सचा स्केल (एका मिमीला किती पल्स) डबल करायचा होता का डायासाठी? सध्या ५ पिचचा स्क्रू, डायरेक्ट कपलिंग, १०००० पल्सला एक फेरा म्हणून २००० टाकलाय. आणि फॅनकसारखा वेअरचा (टूल झिजलं की करायची बारीक दुरुस्ती) वेगळा कॉलम टेबलात दिसेना, तो कुठं असतो?

भोसरी_रिट्रोफिट:
२०००च ठेव. स्केल नेहमी स्लाईड खरोखर किती हलते त्यावर, डायाचा हिशोब जी७ करतं. खात्री करायची तर क्रॉस स्लाईडला डायल लाव, जी८मध्ये (एक्स रेडियसमध्ये) १० हलव, डायल १०च दाखवला पाहिजे. येताना-जाताना दोन्ही बाजूनी बघ, बॅकलॅश पण कळेल.
दोन्ही डायाला सारखीच चूक असती तर ऑफसेट म्हटलं असतं. डाया कमी झाला की वाढते म्हणजे एकतर स्केल नाहीतर सेंटर हाइट. टूल अर्धा मिलीमीटर वर किंवा खाली असेल, ६०वर सेट करून २०ला गेलास, की हिशोबानं २०.०१७ येतं, तुझ्या आकड्याच्या जवळच आहे. फेसिंग करून बघ, मध्ये बारीक टोक राहिलं तर हाइट चुकलीय. टूल खाली असेल तर होल्डरखाली शिम, वर असेल तर जाड शिम काढून पातळ टाक. हाइट बदलली की त्या टूलचा एक्स टच ऑफ परत करावा लागेल.
वेअरचा कॉलम नसतो. टेबलात वेगळं टूल बनव, टी१साठी १०००१, आणि प्रोग्राममध्ये जी४३ नंतर पुढच्या ओळीत जी४३.२ एच१०००१. त्यात मूळ ऑफसेटवर हा अजून जमा होतो. एक मात्र सांभाळ, टेबलातला एक्स रेडियसमध्ये असतो. जॉब ०.०५ मोठा येतोय तर वेअरच्या एक्सला -०.०२५. ऑपरेटरला हे कागदावर लिहून मशीनला चिकटवून दे, फॅनकवर डायामध्ये टाकायची सवय असते आणि रात्रपाळीत विचारायला कुणी नसतं.

सातपूर_थ्रेडिंग:
टरेटचं पण एक बघून घे रे भावा. टूल-चेंज आणि टूल-चेंज्ड या दोन पिना हॅलमध्ये नुसत्या एकमेकीला जोडल्या असतील तर एम६ लगेच पूर्ण झालं असं धरलं जातं आणि टरेट फिरत असतानाच अ‍ॅक्सिस निघतात. टूल-चेंज्ड हा टरेटच्या क्लॅम्प सेन्सरवरूनच यायला पाहिजे. टूल बदलायच्या आधी प्रोग्राममध्ये जी५३ जी० देऊन एक्स-झेड लांब सुरक्षित जागी ने, जी५३ हलवताना ऑफसेट धरत नाही म्हणून कुठलंही टूल असलं तरी टरेट त्याच जागी जातो.